क्रोनस (ग्रीक पुराणकथांमधला टायटन)

क्रोनस हा युरेनस (आकाश) आणि गाया (पृथ्वी) यांच्या १२ टायटन मुलांपैकी (टायटन म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीचे देव) सगळ्यात धाकटा, रियाचा नवरा आणि देवांचा राजा झ्यूस याचा बाप. गोष्ट बहुतेकांना माहीत असते: आईने दिलेल्या विळ्याने बापाचं लिंग छाटून सत्ता घेतली, मग आपलं पोरगंच आपल्याला उलथवणार असं भाकीत कळल्यावर हेस्टिया, डिमिटर, हेरा, हेडीस, पोसायडन अशी मुलं एकेक करून गिळली, झ्यूसच्या वेळी मात्र रियाने कपड्यात गुंडाळलेला दगड पुढे केला आणि याने तोच गिळला. शेवटी झ्यूसशी १० वर्षांची लढाई हरून टायटन टार्टारस म्हणजे पाताळाच्या कोठडीत गेले.

सलग कथा मिळते ती ग्रीक कवी हेसिअडच्या 'थिओगनी' या काव्यात, म्हणजे साधारण इ.स.पू. ७०० च्या आसपास, थोडं मागेपुढे. 'ईलियड'मध्ये क्रोनस आधीच पाताळात जाऊन पडलेला आहे, त्याचं काय झालं ते होमर सविस्तर सांगत बसत नाही, पण झ्यूसला सारखं 'क्रोनसचा मुलगा' म्हणतो.

खरा वाद आहे तो उगमाचा. हित्ती या प्राचीन लोकांची राजधानी हत्तुशा (आजच्या तुर्कस्तानातलं बोआझकाले) इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर कुमार्बी नावाच्या हुर्रियन (हित्तींचे शेजारी लोक) देवाची कथा आहे, पाट्या ढोबळमानाने इ.स.पू. १४वं-१३वं शतक. त्यात आधी अलालू राजा, त्याला हटवून अनू (म्हणजे आकाश), मग कुमार्बी अनूचं लिंग दातांनी तोडून गिळतो आणि खूश होऊन हसतो, तेव्हा अनू त्याला सांगतो की हसू नकोस, तुझ्या पोटात आता वादळाचा देव वाढतोय. तोच पुढे तेशुब होऊन राजा होतो. आकाश, मग त्याला छाटणारा, मग वादळदेव, हा क्रम हेसिअडशी इतका जुळतो की योगायोग म्हणणं अवघड आहे, शिवाय याच चक्रातल्या उल्लिकुम्मीच्या गाण्यात कधीकाळी आकाश आणि पृथ्वी कापून वेगळं करणारं एक जुनं तांब्याचं हत्यारही येतं, त्यामुळे गायाचा विळा आठवल्याशिवाय राहत नाही. १९४६ मध्ये हित्ती लेखांचे अभ्यासक ग्युटरबॉक यांनी हे साहित्य नीट मांडलं आणि तेव्हापासून ग्रीक कथा पूर्णपणे घरचीच आहे असं म्हणणं मागे पडलं.

मग ती आली कधी? काहींच्या मते कांस्ययुगातच, मायसिनीच्या (होमरच्या आधीच्या ग्रीक संस्कृतीच्या) काळात. इतरांच्या मते इ.स.पू. ८व्या शतकाच्या आसपास, जेव्हा ग्रीक व्यापारी उत्तर सिरियापर्यंत जात होते आणि फिनिशियन लोकांकडून लिपीही घेतली गेली. दुसरं मत जास्त पटण्यासारखं वाटतं, पण एक अट घालून: क्रोनस हे नाव होमरच्या काव्यात इतकं मुरलेलं आहे की ते तरी जुनंच असावं, म्हणजे देव आधीचा आणि लिंगच्छेदाची कथा त्याला नंतर चिकटली असावी.

याला आधार म्हणजे त्याचा सण. अथेन्समध्ये हेकाटोंबिऑन महिन्याच्या १२ तारखेला (ऐन उन्हाळ्यात) क्रोनिया व्हायचा, त्या दिवशी मालक आणि गुलाम एकत्र जेवायचे, आणि त्यात छाटाछाटी, गिळणं असलं काहीच दिसत नाही. हाच क्रोनस हेसिअडच्याच दुसऱ्या काव्यात सुवर्णयुगाचा राजा आहे, कष्ट नाहीत, म्हातारपण नाही, धान्य आपोआप येतं. त्यामुळे तो मुळात सुगीचा देव असावा असं बरेच अभ्यासक मानतात. ऑलिंपियाला क्रोनसच्या टेकडीवर वसंतसंपाताच्या सुमारास त्याला बळी देत असत, बाकी पूजा तुरळकच.

चित्रणही थोडं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इ.स.पू. ४६०-४५० च्या सुमाराचं एक अथेनियन भांडं आहे, त्यावर रिया गुंडाळलेला दगड क्रोनसला देतेय. ग्रीसमधल्या प्लॅटियाच्या हेरा मंदिरातही याच प्रसंगातल्या रियाची मूर्ती होती असं प्राचीन ग्रीक प्रवासी पॉसानिअस लिहितो. दगड स्वतः त्याने डेल्फीला पाहिला: फार मोठा नाही, रोज त्यावर तेल ओतत आणि सणासुदीला न कातलेली लोकर ठेवत.

काळ या अर्थाच्या ख्रोनोसशी त्याची गल्लत प्राचीन काळीच झाली, ग्रीक लेखक प्लुटार्कच्या लिखाणात ती स्पष्ट दिसते. रोमन सॅटर्नशी एकरूप झाल्यावर विळावाला म्हातारा काळ ही नंतरची युरोपीय प्रतिमा यातूनच आली. रुबेन्स (१६३६ च्या सुमारास) आणि गोया (१८२०-२३) यांची माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रं मूल फाडून खाणारा बाप दाखवतात, आणि आज तीच प्रतिमा डोक्यात बसलीय. हेसिअडचा क्रोनस मात्र मुलं अख्खी गिळतो, म्हणून तर ती नंतर जिवंत बाहेर येतात आणि दगड सगळ्यात आधी ओकला जातो.

ग्रीक लोक शनी ग्रहाला क्रोनसचा तारा म्हणत. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त (६वं शतक) शनीच्या नावांमध्ये 'कोण' येतं, ते याच नावाचं संस्कृत रूप मानलं जातं.