ॲस्परॅगॉप्सिस आर्माटा

समुद्रात वाढणारे एक लाल शैवल. मूळ प्रदेश ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग, टास्मानिया आणि न्यूझीलंड. आज मात्र ते भूमध्य समुद्रात आणि पूर्व अटलांटिकच्या किनाऱ्यांवरही मुबलक आढळते. वर्गीकरणात त्याचे स्थान लाल शैवलांच्या फ्लोरिडिओफायसी वर्गातील बोनमेझोनिएलीझ गणात, बोनमेझोनिएसी कुलात आहे. ‘ॲस्परॅगॉप्सिस’ या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) नावाचा अर्थ शतावरीवर्गीय ‘ॲस्पॅरॅगस’सारखे दिसणारे आणि ‘आर्माटा’ या जातीनामाचा अर्थ ‘सशस्त्र’. हे शस्त्र म्हणजे खालच्या भागात फुटणाऱ्या काटेरी फांद्या. मासे धरायच्या गळाच्या टोकाशी जसा उलटा काटा असतो, तसे काटे या फांद्यांवर ओळीने असतात. इतर शैवले, दोर, जाळी, जे हाताशी येईल त्यात ते रुततात. इंग्रजीत या शैवलाला हार्पून वीड म्हणतात ते यावरूनच.

आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हेन्री हार्वी यांनी १८५५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्याच आणखी एका शैवलाला पॉलिसिफोनिया रूफोलॅनोसा, म्हणजे ‘तांबूस लोकरी’, असे नाव दिले. ते एक-दोन सेंटिमीटरचे, कापसाच्या बोळ्यासारखे गुंतवळ. त्याचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की मधल्या पेशीभोवती तीन पेशींचे कडे दिसते. ही रचना पॉलिसिफोनिया या दुसऱ्याच लाल शैवलांच्या प्रजातीची आठवण करून देणारी असल्याने हार्वींनी ते त्या प्रजातीत घातले, यात नवल नाही. पुढे १८९७ मध्ये जर्मन शैवलशास्त्रज्ञ श्मिट्झ यांनी त्याच्यासाठी फाल्केनबर्गिया ही स्वतंत्र प्रजाती केली. एकाच माणसाने एकाच वर्षी एकाच जीवाला दोन नावे दिली होती, हे कळायला मात्र जवळजवळ नऊ दशके लागली. फ्रेंच शैवलशास्त्रज्ञ जाँ आणि जनव्हिएव्ह फेल्डमन यांनी १९४२ साली या कुलातील पिढ्यांच्या एकांतरणावर (एकाआड एक वेगळ्या रूपाची पिढी येण्यावर) संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा हे कोडे सुटले.

मोठे, फिकट गुलाबी, पिसासारखे झाड ही गंतुकधारी, म्हणजे नर-मादी जननपेशी बनवणारी, पिढी. मादी झाडावर फलनानंतर फलबीजुके (बीजासारख्या सूक्ष्म पेशी) तयार होतात; ती रुजली की मूळ झाड येत नाही, तर तो लोकरी बोळा येतो. हा बोळा, म्हणजेच पूर्वीचा फाल्केनबर्गिया, चतुर्बीजुके (चारच्या गटाने बनणारी बीजुके) देणारी पिढी होय. त्यात अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन) होऊन जी बीजुके बाहेर पडतात, त्यांतून पुन्हा मोठे झाड उगवते. फाल्केनबर्गिया हे नाव आता स्वतंत्र प्रजातीचे उरलेले नाही. तरी ‘फाल्केनबर्गिया अवस्था’ असा उल्लेख अभ्यासक अजून सर्रास करतात, आणि सोयीचा म्हणून तो टिकला आहे.

युरोप आणि उत्तर आफ्रिकेत ही जाती १९२०च्या दशकात नोंदली गेली: अल्जीरियात आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर. १९४०च्या आसपास ती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. म्हणजे हार्वींनी जगाच्या दुसऱ्या टोकाला ओळखलेले शैवल त्यांच्या निधनानंतर सत्तरेक वर्षांनी त्यांच्याच देशात आले. प्रसाराला तिला बीजुकांची वाट पाहावी लागत नाही. काटेरी फांदी तुटली तरी दुसऱ्या शैवलात अडकून नव्याने वाढते. बोळे तर सुटून पाण्यावर तरंगत जातात आणि त्यांचे तुकडेही जगतात.

त्यामुळे हिच्या प्रसाराचा एकच नकाशा काढणे फसवे ठरते. थंड पाणी सोसण्यात बोळा मोठ्या झाडाच्या पुढे आहे. ब्रिटिश बेटांत तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपर्यंत सापडतो, मोठी झाडे मात्र दक्षिण आणि पश्चिमेकडेच दिसतात. नोंद कोणत्या अवस्थेची आहे हे न सांगता दिलेली उत्तर सीमा जवळपास निरुपयोगीच.

दुसरा घोटाळा जुळ्या जातीचा. उष्ण समुद्रांतील ॲस्परॅगॉप्सिस टॅक्सिफॉर्मिस या जातीचे मोठे झाड काटेरी फांद्या नसल्याने लगेच वेगळे काढता येते. पण तिची बोळ्याची अवस्था आर्माटाच्या बोळ्यासारखीच असते आणि नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही. तिथे डीएनए तपासावा लागतो. भूमध्य समुद्रात दोन्ही जाती असल्यामुळे तिथल्या केवळ बोळ्यांवर आधारलेल्या जुन्या नोंदी जपूनच वापरायला हव्यात.

दोन्ही जातींच्या ग्रंथिपेशींत ब्रोमोफॉर्मसारखी हॅलोजनयुक्त (ब्रोमीन, क्लोरीन अशी मूलद्रव्ये असलेली) संयुगे साठलेली असतात. शैवल खाणाऱ्या प्राण्यांना ती दूर ठेवतात, आणि परक्या किनाऱ्यावर जम बसायला याचीही मदत होते. गुरांच्या पोटात मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ब्रोमोफॉर्म रोखते, म्हणून चाऱ्यात थोडे वाळवलेले ॲस्परॅगॉप्सिस मिसळण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत.