कुपी निळी झाली म्हणजे पाण्यात औषधच आहे, असे नव्हे

विहिरीच्या पाण्यात कीडनाशक, म्हणजे फवारणीचे औषध, आहे का हे रंगावरून दाखवणाऱ्या कुप्या आम्ही विकतो. फवारणीच्या हंगामात आम्हाला रोज एकच फोन येतो: विहिरीचे पाणी घालताच लाल कुपी निळी झाली, आता पाणी प्यावे की नाही? यांतील बरेच फोन दर्यापूर-तेल्हाऱ्याकडचे, म्हणजे विदर्भातील खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यातले असतात आणि तेथे कुपी निळी करणारे बहुधा कीडनाशक नसून मीठ असते.

कुपीतील लाल रंग सोन्याच्या, सुमारे १३ नॅनोमीटरच्या कणांचा आहे. हे कण सुटे असतात तोवर द्रव लाल दिसतो. क्लोरपायरीफॉस किंवा प्रोफेनोफॉस या कीडनाशकांमधील गंधक सोन्याला चिकटले, की कणांना सुटे ठेवणारा सायट्रेटचा विद्युतभारित थर ढळतो, कण गोळा होतात आणि रंग निळा-जांभळा होतो. मात्र कणांना दूर ठेवणारा विद्युतभार क्षारांनीही झाकला जातो, त्यामुळे खाऱ्या पाण्यातही हेच घडते. मायकेल फॅरडे यांनी मिठाचा हा परिणाम १८५७ मध्येच नोंदवला होता. तेव्हा दोष आमच्या मालात शोधू नये.

गेल्या हंगामात एक काका चार निळ्या कुप्या रुमालात बांधून घेऊन आले. त्यांनी डब्यात कुप्यांसोबत येणारी कोळशाची पुडी फोडलीच नव्हती. ती पुडी वजन वाढवण्यासाठी नसते. तपासणीचे अर्धे पाणी तिच्यासह अर्धा तास ढवळून, गाळणकागदातून गाळून दुसऱ्या कुपीत घालावे, कारण सक्रिय कोळसा कीडनाशक शोषून घेतो पण क्षार तसेच ठेवतो. दोन्ही कुप्या निळ्या झाल्या तर ते मीठ समजावे आणि पाण्यात चौपट डिस्टिल्ड पाणी मिसळून नव्या जोडीने तपासावे. त्याने औषधाचा अगदी पुसट अंश निसटू शकतो, हे मान्य. फक्त कोळशाविना घातलेल्या पाण्याची कुपी निळी झाली, तरच नमुना प्रयोगशाळेत द्यावा. दोन कुप्यांचा डबा थोडा महाग पडतो तो याच जोडीमुळे, आणि सुटी कुपी आम्ही म्हणूनच विकत नाही.

मोनोक्रोटोफॉस या कीडनाशकात गंधक नसल्याने ते या कुपीत दिसत नाही. फ्लोराइड व नायट्रेटही नाही. कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठली की कण कायमचे गोळा होतात. निळी झालेली कुपी पुन्हा लाल होत नाही, त्यामुळे बदलून मिळणार नाही. मात्र पाण्याची बाटली सोबत आणल्यास टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दुकानात मोफत मोजून देऊ.