ब्रिज की इम्प्लांट? आधी शेजारचे दात बघा

"डॉक्टर, फिक्स दात बसवायचाय. किती होतील?" ठाण्यात दवाखाना चालवताना हा प्रश्न सतत कानावर पडतो. विचारणाऱ्याला ब्रिज हवा असतो की इम्प्लांट, हे बहुतेक वेळा त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. सोसायटीतल्या काकूंनी बसवला, त्यांना चांगला झाला, म्हणून आपल्यालाही तोच. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही प्रकार कवळीसारखे काढ-घाल करावे लागत नाहीत, दोन्हींवर सिरॅमिकची नाहीतर झिर्कोनियाची कॅप असते, आणि आरशात बघून कुणालाही फरक सांगता येणार नाही.

ब्रिजमध्ये गेलेल्या दाताला नवं मूळ मिळत नाही. दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात, आणि त्या दोन कॅपांना जोडलेला मधला दात हिरडीवर नुसता टेकून राहतो. हिशोब युनिटवर होतो, म्हणजे दोन कॅप आणि मधला दात असा प्रत्येक भाग वेगळा मोजतात, त्यामुळे एक दात पडला तरी तीन युनिटचे पैसे लागतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, मुळाच्या जागी. हाड टायटॅनियमला पक्कं धरून ठेवतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या सशांवरच्या प्रयोगांत १९५२ साली लक्षात आलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. शेजारच्या दातांना यात कुणी हात लावत नाही.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच ठरतो. लोक पडलेल्या दाताचा विचार करतात, मी आधी त्याच्या दोन शेजाऱ्यांकडे बघतो. ब्रिजसाठी दाढ घासायची म्हणजे चावण्याच्या बाजूने १.५ ते २ मिलिमीटर आणि कडेने साधारण १ ते १.५ मिलिमीटर काढावं लागतं. वरचं इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे दुखावते आणि रूट कॅनल करावं लागतं. पस्तिशीतल्या माणसाचे दोन निरोगी, कीड न लागलेले दात एका दातासाठी असे कापायला माझा हात धजत नाही. तिथे मी इम्प्लांटच सुचवतो. पण शेजारच्या दोन्ही दाढांचं रूट कॅनल आधीच झालेलं असेल आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा उत्तम उपाय आहे. दोन कॅप तशाही घालायच्याच आहेत, मधला दात त्यांच्यासोबत येतो. माप घेतल्यापासून दीड-दोन आठवड्यांत काम संपतं. इम्प्लांटमध्ये स्क्रू हाडात मुरायलाच ३ ते ६ महिने जातात.

ब्रिज बसवल्यावर घरी एक काम वाढतं आणि तेच नेमकं टाळलं जातं. मधल्या दाताखाली ब्रश पोचत नाही. त्यासाठी सुपरफ्लॉस मिळतो: दोऱ्याचं एक टोक कडक असतं, ते सुईसारखं दाताखालून ओवायचं, मग मधला फुगीर भाग आत ओढून मागे-पुढे फिरवायचा. रोज रात्री. हे केलं नाही की काय होतं, ते जुना ब्रिज कापून काढताना दिसतं. वरून कॅप चकचकीत असते, ती निघाली की आधी घाण वास येतो, आणि आतला दात काळा पडून मऊ झालेला असतो. रूट कॅनलमुळे नस नसते, म्हणून त्या माणसाला कधी दुखलेलंच नसतं. एक दात गेला होता, आता आणखी एक जातो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, एवढ्यावरून तो कायमचा असं समजू नका. आजूबाजूच्या हिरडीत जंतुसंसर्ग झाला की हाड झिजतं आणि स्क्रू हलायला लागतो. तंबाखू, सिगारेट आणि वाढलेली साखर यांनी हा धोका बराच वाढतो, म्हणून मधुमेह असेल तर आधी एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट मागतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर ते न विचारताही सांगा, कारण त्या औषधांमुळे जबड्याची जखम भरायला अडचण येऊ शकते. वरच्या दाढेच्या जागी सायनस, म्हणजे गालामागची हाडातली पोकळी, जवळ असते, हाड कमी पडलं तर ते आधी वाढवून घ्यावं लागतं.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास सांगावी लागते. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, जोर जास्त झाला की तोच इशारा देतो. इम्प्लांटला तो नाही. नवी मुंबईत बेलापूर-दिवाळ्याच्या कोळीवाड्याकडच्या मंडळींना चिंबोरीची (खेकड्याची) नांगी दाताखाली फोडायची सवय असते. इम्प्लांटवर तसं केलं तर जोर किती लागतोय ते कळत नाही आणि वरचं सिरॅमिक तडकतं. नांगी बत्त्याने फोडा.

कॉलेजातल्या मुलाचा पुढचा दात पडला असेल तर घाई करू नये. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत. तोवर शेजारच्या दातांना मागच्या बाजूने पंख चिकटवून बसवलेला मेरीलँड ब्रिज चालतो. त्यात दात जवळजवळ घासावेच लागत नाहीत.

पैशांमुळे अडलं असेल तर नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही डेंटल कॉलेजं आहेत. अशा कॉलेजांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. कुठेही गेलात तरी दर विचारायच्या आधी एक्स-रे समोर धरून डॉक्टरांना शेजारचे दोन दात दाखवायला सांगा, आणि त्यांना आत्ता कॅपची गरज आहे का, ते विचारा.