यांत्रिक कानस : घरगुती कार्यशाळेसाठी निवड

हाताच्या कानशीने जॉब (घासायचा धातूचा तुकडा) मापात आणणे, कड सरळ करणे, बर (कडेला उरलेले धारदार कंगोरे) काढणे ही कामे मोटरीच्या किंवा दाबाच्या हवेच्या जोरावर करणाऱ्या हत्यारांना सरसकट यांत्रिक कानस म्हटले जाते. घरी छोटी कार्यशाळा थाटणाऱ्यापुढे या नावाखाली चार जातींची हत्यारे येतात : अरुंद एमरी पट्ट्याची पॉवर फाइल, कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचा कटर फिरवणारा डाय ग्राइंडर, फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) चढवलेला अँगल ग्राइंडर आणि वरखाली चालणारे डाय फायलिंग यंत्र. यांपैकी खरी कानस फक्त शेवटच्या यंत्रात असते. हा भेद नीट कळला की निवडीतला निम्मा गोंधळ मिटतो.

भेदाचे मूळ वेगात आहे. कानस उच्च कार्बन पोलादाची असते आणि तिच्या दातांना कडक पाणी दिलेले असते, म्हणजे तापवून एकदम थंड करून ते कठीण केलेले असतात. दात जास्त तापले की हे पाणी उतरते आणि कानस बोथट होते, म्हणून तिला वेगाने पळवता येत नाही. हाताने कानस मारताना मिनिटाला 40 ते 60 घाव ही चांगली गती. डाय फायलिंग यंत्रात घाव 25 मिमी लांबीचा धरला आणि मिनिटाला 300 घाव दिले, तरी धातू कापणारी चाल मिनिटाला साडेसात मीटरच भरते. याउलट माकिताच्या 9032 या पॉवर फाइलचा पट्टा मिनिटाला 300 ते 1,700 मीटर धावतो, आणि अँगल ग्राइंडरची 100 मिमीची डिस्क मिनिटाला 11,000 फेऱ्यांनी फिरली तर तिच्या काठाचा वेग मिनिटाला सुमारे 3,450 मीटर होतो. वेगाबरोबर ठिणगी, उष्णता आणि धूळ येते. कानशीचा कीस मात्र जॉबखाली शांतपणे साठत राहतो.

पॉवर फाइल : पहिले हत्यार म्हणून बहुतेकांच्या हाती हेच येते, आणि ते योग्यच आहे. लांब हातावर दोन रोलरांमध्ये पट्टा फिरतो. ब्लॅक अँड डेकरच्या यंत्रांमुळे रूढ झालेला पट्टा 13 मिमी रुंद आणि सुमारे 455 मिमी लांब असतो. वर उल्लेखलेल्या माकिता यंत्राला 9 मिमी × 533 मिमीचा पट्टा लागतो. विकत घेण्याआधी आपल्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात कोणत्या मापाचे पट्टे कायम मिळतात ते विचारावे. यंत्र एकदाच घ्यायचे असते, पट्टे दर महिन्याला लागतात. वेग कमीजास्त करण्याची चकती असलेलेच यंत्र घ्यावे, कारण स्टेनलेसला आणि पातळ पत्र्याला पूर्ण वेग सोसत नाही. पट्टे 60, 80 आणि 120 ग्रिटचे (आकडा मोठा तितके दाणे बारीक) ठेवले की घरचे बरेचसे काम भागते. झिरकोनिया या कठीण घासदाण्याचे पट्टे साध्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांपेक्षा महाग असतात, पण पोलादावर जास्त टिकतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दिशेचा बाण छापलेला असेल तर तो यंत्रावरच्या बाणाशी जुळवावा. असा पट्टा उलटा चढवला तर सांध्यापाशी सुटतो.

वेल्डचा फुगवटा उतरवणे, कंसाच्या आतली कड साफ करणे, खाच रुंद करणे ही कामे पॉवर फाइल झटपट करते. तिचा दोष सपाटीत आहे. पट्ट्याला थोडा झोळ असतो, त्यामुळे कड टोकांशी गोलावते. दोन भाग एकमेकांत घट्ट बसवायचे असतील तर ही गोलाई नडते. पाणी दिलेल्या सुरीवर किंवा छिन्नीवर पट्टा टेकवताना विशेष जपावे लागते : धार आधी गवती पिवळी पडते, मग निळी, आणि निळी दिसली तेव्हा तिथले पाणी उतरलेले असते. थोडे घासावे, जॉब पाण्यात बुडवावा, मग पुन्हा घासावे.

हवेवर चालणाऱ्या पट्टा सँडरला सामान्यतः 10 मिमी × 330 मिमीचा पट्टा लागतो. तो हलका आणि स्वस्त असतो, पण त्याला अखंड हवा हवी. छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि कामापेक्षा दाब भरण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. कॉम्प्रेसर मोठा असेल तरच या वाटेला जावे.

डाय ग्राइंडर : खोलगट आणि वळणदार पृष्ठांसाठी, विशेषतः बिडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या ओतकामावर, याला तोड नाही. 6 मिमी शँकचा (पकडीत बसणाऱ्या दांड्याचा) कटर आणि मिनिटाला 25,000 च्या आसपास फेरे हे नेहमीचे प्रमाण. पोलादाला दुहेरी (एकमेकांना छेदणाऱ्या) दातांचा कटर वापरावा. एकेरी दातांचा कटर सुईसारख्या लांब काड्या उडवतो आणि त्या बोटांत रुततात. अॅल्युमिनियमसाठी रुंद खाचांचा वेगळा कटर मिळतो, कारण बारीक दातांत हा मऊ धातू चिकटून बसतो. कोपऱ्यात अडकलेला कटर उसळतो आणि शेजारच्या तयार पृष्ठावर ओरखडा काढतो, म्हणून हत्यार दोन्ही हातांनी धरावे आणि जॉब व्हाइसमध्येच बांधावा.

अँगल ग्राइंडर बहुतेकांकडे आधीच असतो. फ्लॅप डिस्कने बाहेरच्या कडा आणि वेल्ड उतरवायला तो पुरतो. आतल्या जागेत त्याचा काही उपयोग नाही.

डाय फायलिंग यंत्र : बिडाच्या टेबलातून उभी कानस वरखाली होते आणि जॉब टेबलावर सपाट ठेवून तिच्यावर सरकवायचा असतो. कानशीचे दात खाली तोंड करून असतात, त्यामुळे कापताना जॉब टेबलावर दाबला जातो आणि कड टेबलाशी काटकोनात राहते. या यंत्राचे मोल एका कामावरून कळते. 6 मिमी जाड एमएस (साध्या मऊ पोलादाच्या) पट्टीत 12 मिमीचे चौरस भोक करायचे आहे असे समजा. आधी 11.5 मिमी ड्रिल मारले तर चार कोपऱ्यांत मिळून सुमारे 40 चौरस मिमी धातू उरतो. 3 मिमी व्यासाचा कटर कितीही जपून फिरवला तरी कोपऱ्यात दीड मिमीची गोलाई राहणारच, कारण फिरणाऱ्या गोल हत्याराला टोकदार कोपरा काढता येत नाही. चौकोनी कानस तो काढते. तिची एक कड बिनदाताची असेल तर तयार झालेल्या भिंतीला धक्का न लावता शेजारची भिंत घासता येते.

पंचिंगच्या डायला (पत्र्यात भोक पाडताना खाली ठेवायच्या भोकाच्या साच्याला) खालच्या बाजूने किंचित उतार द्यावा लागतो; त्यासाठी या यंत्राचे टेबल एखाद-दोन अंशांनी कलते. वायरकट (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापणारी) यंत्रे येईपर्यंत डाय बनवणाऱ्यांचे हे रोजचे काम होते. अमेरिकेत मिशिगनमधल्या एड्रियन गावच्या ऑलिव्हर कंपनीची यंत्रे या कामासाठी नावाजलेली होती आणि हौशी कारागीर ती आजही शोधून दुरुस्त करतात. यंत्राची रचना साधी आहे : मोटर, फिरती चकती, तिच्यावरची खुंटी आणि खुंटीने वरखाली ढकलला जाणारा दांडा. लेथ असलेल्याला ते घरी बांधता येते, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने या पर्यायाचा जरूर विचार करावा. शेजाऱ्यांना ग्राइंडरची किंकाळी सोसवत नाही, हे यंत्र मात्र शिलाई मशीनसारखे खडखडते.

धुळीबद्दल आग्रहाने सांगायला हवे. पट्टा किंवा डिस्क चालवताना चष्मा आणि मास्क दोन्ही घालावेत, आणि सैल हातमोजे घालू नयेत, ते ओढले जातात. अॅल्युमिनियमचा बारीक चुरा आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच पिशवीत किंवा कोपऱ्यात जमू देऊ नयेत. तो चुरा पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो.

यांपैकी काहीही घेतले तरी हाताची कानस टेबलावरून हलत नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये मुलांना आधी कानसच धरायला शिकवतात. महाराष्ट्राला तर ती परकी नाहीच : जे. के. फाइल्सच्या कानशी रत्नागिरी आणि चिपळूणला बनत आल्या आहेत. यंत्राने रेघेपासून अर्धा मिमी अलीकडे थांबावे आणि पुढे स्मूथ (बारीक दातांची) कानस घ्यावी. दातांवर खडू चोळला की कीस अडकत नाही. मग कडेला गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार) लावून जॉब खिडकीकडे धरावा. जिथून उजेड दिसतो तिथे धातू कमी झालेला असतो, जिथे दिसत नाही तेवढाच उंचवटा घासून पुन्हा पाहावे.