रॅम किंवा एसएसडी मागवण्याआधी एवढं बघून घ्या

"पार्ट मी आणलाय, तुम्ही फक्त बसवून द्या," असं म्हणत येणारे ग्राहक आमच्याकडे सतत असतात. बसवून द्यायला आमची काहीच हरकत नाही, ते आमचं कामच आहे. अडचण पुढे येते. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडावं, तर आणलेली रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) त्यात बसतच नाही. नाहीतर एसएसडी (फाइली साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) नीट बसते, स्क्रूही आवळला जातो, पण मशीनला ती दिसतच नाही. पाकीट फोडलेलं असल्यामुळे विकणारा परत घ्यायला कुरकुर करतो, बदली पार्ट यायला दिवस जातात आणि तोवर तुमचं काम अडकून पडतं. मागवण्याआधी थोडा वेळ काढला तर यातलं बहुतेक सगळं टळतं. त्या वेळात काय बघायचं, ते इथे लिहिलं आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

मशीन स्लो झालं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव रॅमचं येतं. रॅम वाढवून काही मशीन सुधारतात, काही जिथल्या तिथे राहतात. म्हणून विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये जा आणि मशीन प्रत्यक्ष अडखळत असताना आकडे बघा. नुकतंच सुरू केलेल्या मशीनचे आकडे फसवे असतात, कारण तेव्हा मागे बरीच कामं चाललेली असतात.

मेमरी निम्मी रिकामी आहे, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटून बसली आहे आणि तिच्या नावाखाली 'एचडीडी' लिहिलं आहे, असं दिसलं तर रॅमवर पैसे घालू नका. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा दांडा पुढेमागे सरकतो. प्रत्येक नव्या जागी पोचायला त्याला साधारण १० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली उघडाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. आमच्या हातून होणाऱ्या कामांत ग्राहकाला सगळ्यात जास्त फरक जाणवतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्यावर.

मेमरी जवळपास भरलेली आणि डिस्कही १०० टक्क्यांवर दिसली तर मात्र मूळ दोष बहुधा रॅमचाच असतो. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरायला लागतं आणि डिस्कही दमते. या ठिकाणी अंदाज चुकतो, म्हणून शंका असेल तर मेमरी आणि डिस्क या दोन्ही पानांचा फोटो आम्हाला पाठवा.

रॅम

रॅमची पिढी चुकली तर ती बसतच नाही, आणि हे एका अर्थी बरंच आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच, फरक फक्त खाचेच्या जागेत. बघताक्षणी तो लक्षात येत नाही. पट्टी बसत नाही म्हणून कृपा करून जोर लावू नका, स्लॉट फुटला की मदरबोर्डचंच (मशीनच्या मुख्य बोर्डचं) काम निघतं. लॅपटॉपची पट्टी लांबीला डेस्कटॉपच्या जवळपास निम्मी असते हे बहुतेकांना माहीत आहे. तरी मागवताना चुकीच्या चित्रावर बोट पडतंच.

पट्टीवरच्या स्टिकरवर 'पीसी३', 'पीसी४' किंवा 'पीसी५' असं छापलेलं असतं, ती तिची पिढी. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक अक्षर वाचावं. 'पीसी३एल' लिहिलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नुसती 'पीसी३' वाली १.५ व्होल्टवर. दोन्हींची खाच एकाच जागी असल्यामुळे पट्टी छान बसते. पण काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टचीच पट्टी घेतात, आणि त्यांत दुसरी घातली की पडदा काळाच राहतो.

स्लॉट रिकामा आहे की नाही, तेही टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' या ओळीत दिसतं. या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. हल्ली बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात, आणि विंडोज त्यांनाही स्लॉट म्हणून मोजू शकतं. खाली 'फॉर्म फॅक्टर' च्या पुढे 'रो ऑफ चिप्स' आलं तर रॅम सोल्डर केलेली आहे असं समजा. अशा मशीनमध्ये वेगळा स्लॉट नसेल तर रॅम वाढवता येत नाही, कुणीही कितीही सांगितलं तरी. रॅमचा वेग वेगळा असला तर फारसं बिघडत नाही, दोन्ही पट्ट्या सहसा हळू असलेलीच्या वेगाने चालतात.

एसएसडी: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

हे पत्रक काढायचं खरं कारण हा भाग आहे.

एम.२ हे नाव फक्त आकाराचं आहे. च्युइंगगमच्या कांडीसारखी लांबट पट्टी, २२ मिलिमीटर रुंद, एका टोकाला सोनेरी पिना, दुसऱ्या टोकाला स्क्रूसाठी अर्धगोल. पण आत ती दोन वेगळ्या भाषांपैकी एक बोलत असते, साटा किंवा एनव्हीएमई. तुमच्या मदरबोर्डवरचा एम.२ स्लॉट यांपैकी एकच समजणारा असू शकतो. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही फक्त साटा, काही फक्त एनव्हीएमई. बाहेरून बघून हे कळत नाही.

पिनांकडे नीट बघितलं तर थोडा सुगावा लागतो. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या पट्टीला सहसा एक. दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये आरामात जाते. ती जाते म्हणूनच घोळ होतो. ग्राहक घरी स्वतः बसवतो, मशीन चालू करतो, डिस्क कुठेच दिसत नाही. "पीस खराब निघाला" म्हणून तो परत पाठवतो आणि बदलीत तोच प्रकार पुन्हा मागवतो. दुसराही 'खराब' निघाला की मग आमच्याकडे येतो. आम्ही ती पट्टी आमच्या टेबलावरच्या दुसऱ्या मशीनला लावून दाखवतो, तिथे ती ठणठणीत चालते. पट्टीत दोष नव्हताच, स्लॉटला तिची भाषा कळत नव्हती.

लांबीही बघावी लागते. २२८०, २२४२, २२३० असे जे आकडे दिसतात, त्यांत पहिले दोन अंक रुंदीचे आणि पुढचे दोन लांबीचे, मिलिमीटरमध्ये. लहान लॅपटॉपमध्ये ४२ किंवा ३० मिलिमीटरचीच जागा असते, तिथे ८० मिलिमीटरची पट्टी कशीही बसवता येत नाही.

आता वेगाबद्दल, कारण जाहिरातीतला आकडा बघूनच पार्ट निवडला जातो. साटाची एसएसडी, मग ती अडीच इंची असो की एम.२, सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबते. म्हणजे साटातच राहायचं असेल तर एम.२ घेतल्याने वेग वाढत नाही. तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमई (ही पिढी रॅमची नाही, पीसीआयई या जोडणीची) साधारण ३५०० पर्यंत जातात, चौथ्या पिढीच्या ७००० च्या आसपास. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, पण वेग तिसऱ्याचाच मिळतो. आणि कागदपत्रं, हिशेब, इंटरनेट एवढंच काम असेल तर साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक बहुतेकांना जाणवतही नाही. हार्ड डिस्क आणि कोणतीही एसएसडी यांतला फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. म्हणून जुन्या मशीनला महागडी पट्टी घेण्यापेक्षा त्याच पैशांत जास्त जागेची साधी पट्टी घ्या, असं आम्ही सांगतो. आमचं बिल त्यात लहान होतं, हे आम्हाला माहीत आहे.

एक टीबीची डिस्क लावल्यावर ९३१ जीबीच का दिसते, हा प्रश्नही हमखास येतो. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. जागा कुठे गेलेली नाही.

आम्ही मॉडेलचा पूर्ण नंबर का मागतो

फोनवर "अमुक कंपनीचा पंधरा इंची, काळा" एवढ्यावर पार्ट सांगता येत नाही. एकाच नावाखाली कंपन्या बऱ्याच तऱ्हेची मशीन विकतात. एकात रॅमचे दोन स्लॉट, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात सगळी सोल्डर केलेली. लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढा. लेबल पुसलं असेल तर विंडोजच्या शोधात 'सिस्टीम इन्फर्मेशन' टाका आणि 'सिस्टीम मॉडेल' ची ओळ पाठवा. डेस्कटॉप असेल तर त्याच पानावरची 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ची ओळ पाठवा. एवढं मिळालं की कोणता पार्ट चालेल ते आम्ही लिहून देतो. तो तुम्ही कुठूनही घ्या. आमच्याकडून घेतलात तर बसवून, तपासून, तुमच्यासमोर चालवून देतो, आणि मशीन उघडून तपासण्याची फी बिलातून वजा करतो.

बाहेरून आणलेला पार्ट बसवायला आम्ही मजुरी घेतो, त्यावर काही जण नाराज होतात. झाकण उघडणं, नाजूक क्लिपा न तोडता ते सोडवणं, बॅटरीची वायर आधी काढणं, नंतर तासभर चालवून बघणं, हे सगळं पार्ट कुठलाही असला तरी तेवढंच असतं. आमच्या कामाची जबाबदारी आम्ही घेतो. बाहेरच्या पार्टची वॉरंटी मात्र ज्याने विकला त्याचीच. काढलेला जुना पार्ट आम्ही ठेवून घेत नाही, पाकिटात घालून परत देतो. मशीन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी तुमच्याबरोबर वाचून घेतो.

काही वेळा आम्ही खर्चच करू नका असंही सांगतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्यात न बसणाऱ्या मशीनमध्ये नवी रॅम आणि नवी एसएसडी दोन्ही घालण्याआधी एकदा बसून बोलू.

येताना

डिस्क बदलायची असेल तर आधी स्वतः बॅकअप घ्या. जमत नसेल तर आम्ही करून देतो, पण तसं आधी सांगा, त्याला वेळ लागतो. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, बंद करा आणि तसंच आणा. अशा डिस्कवर चालू-बंदचा प्रत्येक खेळ फाइलींच्या जिवावर येतो.

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली डिस्कला कुलूप लावणारी सोय) आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवा. आमच्या टेबलावर मशीन उघडं पडलेलं असताना खात्याचा पासवर्ड आठवत बसणं तुम्हालाही त्रासाचं आणि आम्हालाही.

चार्जर आणा. लॅपटॉपचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका. दहा मिनिटं थांबून तुम्हीच टाका. आणि पार्ट आधीच मागवला असेल तर पाकीट न फोडता आणा. बाहेरच्या लेबलवरून तो चालेल की नाही हे बहुतेक वेळा आम्हाला सांगता येतं, आणि चालणार नसेल तर सीलबंद पाकीट परत करायला तुम्हाला सोपं जातं.