लायसन्स संपू देणं वेगळं, परत करणं वेगळं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ‘आता गाडी बंद’ असं ठरवलं की बहुतेक घरांत ड्रायव्हिंग लायसन्सचं कार्ड कपाटात जातं. पुढच्या वर्षी त्याची मुदत संपणारच आहे, मग आरटीओच्या पायऱ्या कशाला चढायच्या? कुणी फारच काटेकोर असेल तर म्हणतं, सरेंडर करून, म्हणजे आरटीओला परत देऊन, मोकळे व्हा. गाडी दोन्हीकडे थांबते, पण परतीची वाट वेगवेगळी आहे, आणि पहिल्या मार्गात एक खड्डा आहे जो सहसा दिसत नाही.

खाजगी गाडीचं लायसन्स पंचावन्नीनंतर काढलं किंवा रिन्यू केलं तर पाच वर्षांचंच मिळतं. रिन्यूचा अर्ज मुदतीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर एक वर्ष करता येतो. या नंतरच्या वर्षालाच लोक ‘सवलत’ म्हणतात आणि गाडी चालवत राहतात. सवलत अर्ज करायची आहे, चालवायची नाही. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालायचं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तेही गेलं. समजा, कार्डावर १० मार्च २०२६ आहे. ११ मार्चला नाशिकच्या कॉलेज रोडवर औषधं आणायला गाडी काढली तरी ती विनालायसन्सच. १० मार्च २०२७ पर्यंत अर्ज केला तर चाचणी न देता रिन्यू होतं, त्यानंतर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते.

विनालायसन्स चालवण्याला याच कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी मुलाच्या नावावर असेल आणि किल्ली त्यानेच दिली असेल तर कलम १८० त्यालाही लागू होतं, तेवढ्याच शिक्षेसह. खरा फटका विम्याचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. मुदत संपू देणाऱ्या घरात किल्ली खिळ्यावरच लटकत असते, म्हणून असे प्रसंग तिथेच घडतात.

सरेंडरमध्ये नोंदच बदलते. लायसन्सवर वाहनांचे वर्ग वेगवेगळे नोंदलेले असतात: गिअरची मोटारसायकल, हलकं मोटार वाहन वगैरे. लायसन्सच्या कामांसाठीच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर यातला एखादा वर्ग परत करण्याची सेवा आहे, म्हणजे पूर्ण लायसन्स सोडायलाच हवं असं नाही. सगळंच सोडायचं असेल तर पेठ रोडच्या आरटीओत मूळ कार्ड आणि साधा अर्ज द्यावा. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नये. मुलाच्या हातात कार्ड देणं म्हणजे सरेंडर नव्हे. परत केलेला वर्ग पुन्हा हवा झाला तर शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात, त्यानंतर किमान ३० दिवस थांबून चाचणी. रिन्यूची सोपी वाट इथे उरत नाही.

एक वर्गच सोडायचा तर बहुतेकांचा कल मोटार सोडून स्कूटर ठेवण्याकडे असतो. आमच्या मते हे उलट आहे. रविवार कारंजासारख्या गर्दीत स्कूटर हळू चालवताना तोल गेला तर पडून खुब्याचं हाड मोडू शकतं. मोटारीत तोल सांभाळावा लागत नाही. नजर कमी झाली असेल तर मात्र दोन्ही सोडावीत.

नजरेचा अंदाज घरीच घेता येतो. चाळिशीनंतर रिन्यू करताना डॉक्टर फॉर्म १ए भरतात, त्यातला एक प्रश्न असा: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का? मोजून २५ मीटरवर गाडी उभी करा आणि चष्मा लावून वाचायला सांगा. लाल-हिरवा ओळखणं, रातांधळेपणा, हॉर्न ऐकू येणं हेही त्याच फॉर्मवर आहे. इथे शंका आली तर मुदतीची वाट बघण्यात अर्थ नाही. आजारामुळे धारक गाडी चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी कलम १६ खाली लायसन्स कधीही रद्द करू शकतो.

तात्पुरतं थांबायचं असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन वा गुडघा बदलणं, तर सरेंडर करू नये. मुदत लक्षात ठेवून वेळेत रिन्यू करावं.

ओळखपत्र म्हणून लायसन्सच वापरायची सवय असेल तर आधी आधार कार्डावरची जन्मतारीख तपासून घ्या. एसटीत ७५ पूर्ण झाल्यावर मोफत आणि ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट मिळतं, पण वय दाखवावं लागतं.

गाडी नावावर ठेवायला लायसन्स लागत नाही. ड्रायव्हर ठेवता येतो, फक्त त्याच्या लायसन्सची मुदत स्वतः बघावी. विमा नव्याने घेताना मात्र कंपनीला सांगावं. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वैध लायसन्स असलेल्या मालकासाठीच असतं. लायसन्स नसेल तर ते घेण्याची सक्ती नाही, आणि न सांगता त्याचा हप्ता भरत राहिलं तर तो वाया जातो.