कांडी घरी का चालत नाही?

ऑर्लँडोतल्या युनिव्हर्सलच्या थीम पार्कात हॅरी पॉटरच्या दुनियेवर बेतलेला एक भाग आहे. तिथे दुकानांच्या खिडक्यांसमोर मुलं (आणि बरीच मोठी माणसंही) हवेत कांडी फिरवत उभी असतात. हात बरोबर फिरला की खिडकीतली वस्तू हलते, एखादा दिवा लागतो. 2014 मध्ये तिथे आलेल्या या कांडीत ना बॅटरी होती, ना सर्किट. तिच्या टोकाला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत फेकणारा पदार्थ बसवलेला असतो. रात्री गाडीच्या दिव्यात रस्त्यावरच्या पाट्या चमकतात त्या याच तत्त्वावर. खिडकीआड दडवलेल्या यंत्रणेतून अवरक्त किरण सोडले जातात, कांडीच्या टोकावरून परतणारा ठिपका कॅमेरा टिपतो आणि तो ठिपका कसकसा सरकला हे संगणक ठरलेल्या आकृतीशी ताडून पाहतो.

म्हणजे सगळी हुशारी खिडकीत आहे, कांडीत नाही. घरी नेली की ती नुसती काठी. पण बिघडण्यासारखं तिच्यात काहीच नसल्यामुळे कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी ती निकामी होत नाही. ती पुन्हा ‘चालवायची’ तर पार्कात जाण्यावाचून गत्यंतर नाही. आठवण म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये इतकी धूर्त रचना मला दुसरी माहीत नाही.

बहुतेक ठिकाणी मात्र किल्लीच्या साखळीवर नाव छापलं की काम झालं असं मानतात. त्या साखळीनं गिऱ्हाईक पुन्हा यावं कसं, याचा विचार सहसा होत नाही.

वस्तू हातात आली की मनात काय बदलतं, हे दाखवणारा सर्वांत गाजलेला प्रयोग योगायोगानं अशाच एका वस्तूवर झाला. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉर्नेल विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेले मग निम्म्या विद्यार्थ्यांना देऊन टाकले. ज्यांना मग मिळाला ते विद्यार्थी तो विकायला साधारण सव्वापाच डॉलर मागत होते. न मिळालेले अडीच डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. वस्तू तीच, विद्यार्थी त्याच वर्गातले. फरक फक्त ‘माझा’ या भावनेचा. पुढे 2009 मध्ये जोआन पेक आणि सुझन शू यांनी दाखवलं की मालकीही लागत नाही. वस्तू नुसती हाताळली तरी ती आपली असल्याची भावना वाढते. थीम पार्कातल्या दुकानांत टोप्या आणि बाहुल्या काचेआड न ठेवता हाताशी का मांडलेल्या असतात, ते यावरून कळतं.

पण ही झाली विक्रीची गोष्ट. गिऱ्हाइकाच्या निष्ठेचा संबंध स्मरणाशी आहे. आपण अनुभव जसाच्या तसा साठवत नाही. 1993 च्या एका प्रयोगात लोकांनी एकदा 14 अंश सेल्सियसच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवला. दुसऱ्या वेळी तेच केलं, पण वर आणखी अर्धा मिनिट हात पाण्यातच ठेवला आणि त्या वेळात पाणी हळूहळू एका अंशानं कोमट केलं. पुन्हा करायचं झालं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. अनुभवाचा कळस आणि शेवट या दोन गोष्टी आठवणीवर सर्वांत जास्त छाप पाडतात. राइडमधून उतरताच समोर दुकान असतं, ते याच शेवटावर डोळा ठेवून. तिथे पैसे द्यायला लांब रांग लावली, तर मात्र शेवट आपल्याच हातानं नासवला म्हणायचा.

घरी नेलेली वस्तू पुढे ही आठवण जागी करण्याचं काम करते. इथे एक अडचण आहे, आणि ती दुकानदारांच्या फारशी लक्षात येत नाही. फ्रिजवरचं चुंबक रोज दिसतं म्हणून थोड्याच दिवसांत दिसेनासं होतं. सवयीच्या गोष्टींकडे मेंदू लक्षच देत नाही. शिवाय एकाच खुणेशी अनेक आठवणी जोडल्या गेल्या की प्रत्येक आठवणीवरची तिची पकड सैल होते. रोजच्या चहाच्या मगाला सहलीइतकीच ऑफिसची, आजारपणाची, भांडणाचीही आठवण चिकटते. त्यामुळे क्वचित बाहेर निघणारी वस्तू जास्त प्रभावी ठरावी. नाताळच्या झाडाला टांगायची शोभेची वस्तू वर्षातून एकदाच खोक्यातून निघते, घरातले सगळे जमलेले असताना, आणि ‘तेव्हा आपण तिथे गेलो होतो’ हे वाक्य हमखास बोललं जातं. माझ्या मते दहा चुंबकांपेक्षा अशी एक वस्तू भारी.

गिऱ्हाइकाला परत आणायचा दुसरा मार्ग अपुरेपणाचा. डिस्नेनं 1999 मध्ये आपल्या पार्कांत चित्रांच्या शोभेच्या पिना अदलाबदल करायची प्रथा सुरू केली: कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पिना लावलेल्या असतात, आपली द्यायची, त्यांची घ्यायची. संच कधी पुरा होत नाही आणि पुरा करायचा ध्यास सुटत नाही. उद्दिष्ट जवळ आल्यासारखं वाटलं की माणूस जोर लावतो. 2006 च्या एका अभ्यासात कार धुण्याच्या केंद्रावर काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, तर काहींना दहा शिक्क्यांचं, पण दोन शिक्के आधीच मारलेलं. दोन्हींत आठच फेऱ्या उरत होत्या. कोरं कार्ड 19 टक्के लोकांनी पूर्ण केलं, दुसरं 34 टक्क्यांनी.

याला निष्ठा म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. संच किंवा कार्ड पुरं करायचं म्हणून पुन्हा येणारा आणि जागा आवडते म्हणून येणारा, हिशेबाच्या वहीत दोघे सारखेच दिसतात. शेजारी स्वस्त पर्याय उघडला की फरक कळतो.

हार्ड रॉक कॅफेच्या टी-शर्टची सुरुवात या दृष्टीनं बोलकी आहे. 1971 मध्ये लंडनला उघडलेल्या या कॅफेनं 1974 मध्ये एका स्थानिक फुटबॉल संघासाठी आपलं चिन्ह असलेले शर्ट छापले. उरलेले नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाटून टाकले, आणि मग बाकीचे विचारायला लागले. शर्ट आधी आपुलकीची खूण होता, विक्रीचा माल नंतर झाला. पुढे शहरागणिक वेगळं नाव छापल्यानं तो ‘मी तिथे जाऊन आलो’ याचा पुरावाही बनला.

आता हे काम मनगटावरच्या पट्ट्याकडे आलं आहे. डिस्नेचा 2013 मधला रेडिओ चिप असलेला पट्टा तिकीट, हॉटेलच्या खोलीची किल्ली आणि पैशाचं पाकीट, तिन्ही होता. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना तो मोफत मिळे. 2021 पासून तो मोफत देणं बंद झालं, आणि यातली बहुतेक कामं फोनवरही होऊ लागली. तरी पट्टा विकला जातोच, वेगवेगळ्या पात्रांच्या चित्रांचा. आणि 2022 मध्ये दिवे लागणारी, मनगटावर थरथरणारी त्याची नवी आवृत्तीही दुकानात आली.